विषुववृत्त ओलांडून परतलेली वाईन

गोव्यात 'पोर्त वायन' हे नाव ऐकले नाही असा माणूस सापडणे कठीण. ज्याने आयुष्यात थेंबभर घेतली नाही त्यालाही ती ठाऊक असते. ख्रिस्ती मित्राच्या लग्नातला टोस्ट असो की नाताळात शेजारच्या घरून येणारे कोंसुआदचे ताट, या नावाशी गाठ पडतेच. आपल्याकडच्या दुकानात स्वस्तात मिळणारी ही 'पोर्त' बहुधा पोर्तो शहराचे तोंडही न पाहिलेली असते, पण तो विषय वेगळा. आज लिहायचे आहे ते तिच्या एका कमी परिचित बहिणीबद्दल. तिचे नाव मोस्कातेल द सेतुबाल. ही पांढऱ्या द्राक्षांपासून केलेली गोड आणि अत्यंत सुगंधी वाईन. पोर्तसारखाच हिचाही गोव्याशी संबंध आहे, किंबहुना जरा जास्तच जवळचा आहे.

प्रथम गाव पाहू. लिस्बनच्या दक्षिणेला, सादु नदीच्या मुखाशी सेतुबाल हे बंदर आहे. आपल्या मांडवी-जुवारीच्या काठच्या माणसाला ते परके वाटणार नाही. खाडी, मिठागरे, कालवे (ऑयस्टर), तारले आणि माणक्या! समोरच्या त्रोया नावाच्या वाळूच्या पट्ट्यावर रोमन काळातील मासे खारवण्याच्या टाक्यांचे अवशेष आहेत. रोमन साम्राज्यातला हा सर्वांत मोठा खारवण-कारखाना मानला जातो. मध्ययुगात सेतुबालचे मीठ पार हॉलंडपर्यंत जायचे. बंदराच्या पश्चिमेला आर्राबिदा नावाची चुनखडीची डोंगररांग आहे आणि तिच्या उत्तरेच्या पायथ्याशी आझैतांव हे गाव. मोस्कातेलचे मळे या परिसरात पसरले आहेत.

या द्राक्षाचे नाव 'मस्कत ऑफ अलेक्झांड्रिया'. मस्कत म्हटले की गोंयकाराला आखातातली नोकरी आठवते, पण या मस्कतचा त्या बंदराशी काही संबंध नाही. हा शब्द कस्तुरीवरून आला असे जाणकार मानतात. उशिराच्या लॅटिनमध्ये कस्तुरीला 'मुस्कुस' म्हणत. तो शब्द फारसी 'मुश्क'वरून आला आणि फारसीचा मूळ धागा पोचतो तो संस्कृत 'मुष्क' या शब्दाकडे. मुष्क म्हणजे अंडकोश. कस्तुरीमृगाच्या सुगंधी ग्रंथीला दिसण्यावरून ते नाव पडले. एवढ्या नाजूक वाईनच्या नावात असा रांगडा संस्कृत शब्द दडलेला असावा, ही भाषेची गंमत!

बहुतेक वाईन्सना द्राक्षाचा वास फारसा येत नाही. आंबवताना तो बदलून जातो. मस्कतचे तसे नाही. तिला ताज्या द्राक्षाचा वास येतो, शिवाय गुलाबाचा, संत्र्याच्या फुलाचा, मधाचा. याचे कारण त्या फळाच्या सालीत असलेली काही सुगंधी द्रव्ये. त्यातले एक लिनलूल. आपल्या स्वयंपाकघरातल्या धण्यांच्या तेलाचा मोठा भाग याच द्रव्याचा असतो. दुसरे जेरॅनिऑल. ते गुलाबात असते आणि खानदेशात ज्याचे तेल काढत त्या रोशा गवतातही असते. म्हणजे धणे भाजताना जो वास सुटतो आणि मोस्कातेलच्या पेल्यातून जो वास येतो, त्यांच्यात सख्खे नाते आहे.

आता ती करतात कशी ते थोडक्यात. द्राक्षे चेचून रस आंबायला ठेवतात. साखरेची दारू होऊ लागते. पण ती पुरती होण्याआधीच त्यात द्राक्षाचीच ऊर्ध्वपातित दारू ओततात. आपल्याकडची फेणी काजूच्या रसाची, ही द्राक्षाची, एवढाच फरक समजा. या दारूमुळे आंबण्याची क्रिया जागच्या जागी थांबते. उरलेली साखर तशीच राहते आणि मद्यार्काचे प्रमाण सतरा-अठरा टक्क्यांवर जाते. इथपर्यंतची कृती पोर्तसारखीच. सेतुबालची खासियत पुढे आहे. सुगंध सालीत असतो म्हणून द्राक्षाच्या साली काढून न टाकता हिवाळाभर, पाच-सहा महिने, त्या वाईनमध्येच मुरत ठेवतात. मग गाळून लाकडी पिंपात वर्षानुवर्षे जुनी करतात. तरुणपणी ती सोनेरी-नारिंगी दिसते, वय वाढेल तशी तपकिरी होत जाते. संत्र्याच्या फुलाचा वास मागे पडतो आणि सुके अंजीर, अक्रोड, काकवी यांची आठवण करून देणारा वास पुढे येतो. १९०७ साली या प्रदेशाची अधिकृत सीमा आखली गेली. बाटलीवर 'मोस्कातेल' हा शब्द घालायचा असेल तर किमान ८५ टक्के द्राक्ष त्याच जातीचे असावे लागते.

आता गोव्याकडे वळू.

१५१० साल आपल्याला वेगळे सांगायला नको. आफोंस द आल्बुकेर्कने त्या वर्षाच्या सुरुवातीला आदिलशाहीकडून गोवा घेतले, मे महिन्यात ते गमावले आणि २५ नोव्हेंबरला पुन्हा जिंकले. त्यानंतर शहरातील मुसलमानांची कत्तल झाली. ही हकीकत कोणा शत्रूने लिहिलेली नाही, खुद्द आल्बुकेर्कने राजा मानुएलला पाठवलेल्या पत्रात ती अभिमानाने नोंदवली आहे. १५१५ च्या डिसेंबरात होर्मुझहून परतताना गोव्याच्या बंदराच्या तोंडाशी, जहाजावरच तो मरण पावला. पुरले त्याला गोव्यात. त्याच्या अस्थी लिस्बनला गेल्या त्या १५६६ साली, म्हणजे तब्बल एक्कावन्न वर्षांनी.

मागे त्याचा एक अनौरस मुलगा होता, ब्राझ नावाचा. बापाच्या कामगिरीची परतफेड राजाने मुलाला केली. बापाचे आफोंस हे नाव धारण करायला सांगितले, मानमरातब दिला, मोठ्या सरदार घराण्यात त्याचे लग्न लावून दिले. या ब्राझने १५२८ साली आझैतांव इथे एक वाडी विकत घेतली आणि तिथे इटालियन धाटणीचा वाडा उभारला. कोपऱ्यांवर भोपळ्याच्या फोडींसारखे घुमट, तलावाकाठी मंडप, भिंतींवर निळ्या-पिवळ्या आझुलेझुश फरशा. एका फरशीवर १५६५ हे साल आजही वाचता येते. लिस्बनला नदीकाठी टोकदार दगडांच्या दर्शनी भिंतीचे 'काझा दुश बिकुश' हे घर आहे, तेही याच ब्राझचे. आज तिथे नोबेलविजेते लेखक जुझे सारामागू यांच्या नावाची संस्था आहे. वडिलांच्या पत्रांवरून त्यांचे चरित्र सांगणारे 'कॉमेंतारियुश' हे पुस्तक ब्राझने १५५७ मध्ये छापले. गोव्याच्या विजयाची जी कथा पुढे जगभर गेली, तिचा मोठा भाग या पुस्तकातून गेला. बापाने तलवार चालवली, मुलाने लेखणी.

आझैतांवच्या त्या वाडीला पुढे 'किंता द बाकाल्योआ' हे नाव पडले. नंतरच्या एका मालकाला लोक 'बाकाल्याव' म्हणजे सुका कॉड मासा म्हणत, म्हणून त्याची बायको झाली बाकाल्योआ! आपल्या गावात टोपणनावांची जशी चलती असते तशीच तिथेही. वाड्याची पुढे पडझड झाली. १९३६ साली एका अमेरिकन बाईंनी तो विकत घेऊन डागडुजी केली. आज बाकाल्योआ हे मोस्कातेल करणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे नाव आहे. म्हणजे लिस्बनच्या दुकानात या नावाची बाटली कोणी उचलतो तेव्हा गोवा जिंकणाऱ्याच्या मुलाचे घर तो नकळत हातात धरतो.

दुसरा दुवा माणसाचा. मानुएल मारिया बार्बोझा दु बोकाज हा पोर्तुगीज भाषेतला फार मोठा कवी. जन्म सेतुबालचा, १५ सप्टेंबर १७६५. त्या गावात मुख्य चौकाला त्याचे नाव आहे, चौकात पुतळा आहे आणि त्याच्या जन्मदिवशी नगरपालिकेची सुट्टी असते. हा बोकाज १७८६ च्या ऑक्टोबरात आरमारातला तरुण अधिकारी म्हणून गोव्यात उतरला. त्याला गोवे अजिबात मानवले नाही. ओस पडत चाललेले जुने शहर, पोकळ खानदानाचा तोरा मिरवणारे लोक, यांची त्याने आपल्या सुनीतांतून यथेच्छ टर उडवली. १७८९ मध्ये त्याची दमणला नेमणूक झाली. तिथून तो थोड्याच दिवसांत पळाला आणि चीनच्या किनाऱ्याने मकावला पोचला. पुढच्या वर्षी लिस्बनला परतला.

तो गोव्यात होता त्याच काळात, १७८७ साली, कांदोळीच्या पिंतो घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा उठावाचा कट उघडकीस आला. त्यात पुढाकार होता तो गोमंतकीय ख्रिस्ती पाद्रींचा. लायक असून वरच्या जागा मिळत नाहीत हे त्यांचे दुखणे होते. सत्तेचाळीस जणांना पकडले, पंधरा जणांना देहदंड दिला. बोकाजला 'पोकळ खानदान' दिसले त्याच समाजात फासावर जायला तयार असलेली माणसेही होती. कवी मोठा असला तरी त्याच्या डोळ्यांना सगळेच दिसते असे नाही.

आता तिसरा दुवा, तो खुद्द वाईनचा.

लिस्बनची जहाजे मार्च-एप्रिलच्या सुमारास सुटत आणि पावसाळी वाऱ्यांवर स्वार होऊन सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याला लागत. परत निघत ती डिसेंबर-जानेवारीत. राजाची पत्रेही याच वेळापत्रकाने येत. म्हणून तर पणजीच्या पुराभिलेखागारातल्या त्या पत्रांच्या बाडांना 'मोसमांची पुस्तके' असे नाव आहे. साधी वाईन हा प्रवास सोसत नसे, तिचा शिरका होई. पण मोस्कातेलमध्ये साखर आणि मद्यार्क दोन्ही भरपूर, त्यामुळे ती टिके. आझैतांवला १८३४ मध्ये स्थापन झालेल्या जुझे मारिया द फोंसेका या पेढीची वाईन पिंपे भरभरून ब्राझील, आफ्रिका आणि हिंदुस्थानच्या वाटेवर जाई. जहाजाच्या कप्तानाने ती वाटेत विकायची, न खपलेली परत आणायची. परत आलेली पिंपे उघडली तेव्हा चमत्कार दिसला. वाईन बिघडण्याऐवजी कितीतरी पटीने सुधारली होती! जहाजाच्या पोटातली उष्णता, सततचे हेलकावे, पिंपाच्या फटींतून मिळणारी हवा, या सगळ्यांनी तिला काही महिन्यांत कित्येक वर्षांचे वय दिले होते. या वाईनला 'तोर्ना व्हियाजें' म्हणू लागले. तोर्ना व्हियाजें म्हणजे परतीचा प्रवास. ब्राझीलला जाऊन आलेले पिंप विषुववृत्त दोनदा ओलांडे. आशा अंतरीपाला (केप ऑफ गुड होप) वळसा घालून हिंदुस्थानला जाऊन आलेले चार वेळा. मदैरा बेटावरच्या वाईनचीही अशीच कथा आहे. तिथे तर पुढे जहाजाऐवजी कोठीतच वाईन तापवायची पद्धत निघाली.

आम्हा कारकून मंडळींना जमाखर्च पाहायची खोड असते. 'परतीचा प्रवास' हा शब्द वाचला की मनात दुसरीच खतावणी उघडते. या वाटेवरून कोण कोण गेले आणि कोण कोण परतले? त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांना १९४६ साली पकडून पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात डांबले. सुटल्यावर ते पॅरिसमार्गे निसटून मुंबईला आले आणि १९५८ मध्ये तिथेच वारले. मुक्त गोवा त्यांना पाहता आला नाही. मोहन रानडे सांगलीहून गोव्यात मराठी शिकवायला आले होते. त्यांना १९५५ मध्ये पकडले आणि पुढे लिस्बनजवळच्या काशियश किल्ल्यात ठेवले. सेतुबालचे मळे तिथून फार लांब नाहीत, मध्ये तेजु नदी आणि तिच्यापलीकडची थोडी जमीन. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण रानडे सुटले १९६९ च्या जानेवारीत. मुक्तीनंतर सात वर्षांहून अधिक काळ! त्या जहाजी वाईनबद्दल वाचताना प्रवासाने तिला आलेल्या गोडीचे वर्णन सगळीकडे सापडते. या दुसऱ्या परतीच्या प्रवासांची आठवण आपणच ठेवायला हवी. दुसरे कोण ठेवणार?

म्हणून त्या वाईनला नाके मुरडायची का? मला तसे वाटत नाही. कारण त्याच जहाजांतून जेवणाच्या ताटातले बरेच काही इकडे आले आणि इथल्या बायाबापड्यांनी त्याचे आपल्या परीने काहीतरी वेगळेच केले. विंदालूचे उदाहरण घ्या. मूळ शब्द 'व्हिन्या द आल्युश', म्हणजे वाईन आणि लसूण. मांस टिकावे म्हणून ते यात मुरवायचे. गोव्यात द्राक्षाची वाईन परवडणार कोणाला? इथे माड होते. माडाची सूर आंबवून केलेला शिरका वाईनच्या जागी आला, जोडीला मिरची आणि मसाले आले, आणि 'विंदाल्यु' तयार झाला. नावात वाईन राहिली, भांड्यात माड आला. पुढे इंग्रजी हॉटेलांत कोणाला तरी 'विंदालू'मध्ये 'आलू' दिसला आणि त्यात बटाटेही पडू लागले!

आता ही मोस्कातेल कशाबरोबर घेतात ते पाहू. तिच्या गावात आझैतांवचे चीज प्रसिद्ध आहे. मेंढीच्या दुधाचे, वरून घट्ट आणि आतून चमच्याने खाता येईल असे मऊ. ते दूध नासवतात तेही एका काटेरी रानफुलाने. किंचित कडवट, खारट चीज आणि गोड सुगंधी वाईन ही जोडी तिथे पिढ्यानपिढ्यांची. 'तोर्ता द आझैतांव' म्हणजे अंड्याच्या पिवळ्या बलकाचे सारण भरलेली मऊ वळकटी. 'एसेस' म्हणजे दालचिनी घातलेली एस आकाराची बिस्किटे. संत्र्याची तोर्ता, सुके अंजीर, बदाम, हेही तिच्याबरोबर चालते. तरुण मोस्कातेल थंड करून जेवणाआधी घेतात, जुनी जेवणानंतर. सेतुबालची तळलेली माणकी खायची असेल तर मात्र ही गोड वाईन बाजूला ठेवून त्याच द्राक्षाची कोरडी, हलकी पांढरी वाईन घेतात. ती अलीकडची, विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतली.

पोर्तुगालच्या गोड पदार्थांत अंड्याचा बलक इतका का, याचे उत्तर मठांकडे बोट दाखवते. जोगिणी झग्यांना खळ करायला अंड्याचा पांढरा भाग वापरत, वाईन नितळ करायलाही तोच लागे, आणि उरलेल्या बलकाची मिठाई होई असे सांगतात. आपल्याकडे जुन्या गोव्यात सांता मोनिकाचा मठ १६०६ साली सुरू झाला. तिथल्या बिबियाना नावाच्या जोगिणीने बिबिंक केली अशी दंतकथा आहे. दंतकथा खरी असो वा नसो, बिबिंकेतला ढीगभर बलक त्याच घराण्याचा आहे. नारळाचा रस, जायफळ, तूप आणि एकेक थर भाजण्याचा चिवटपणा मात्र इथला. म्हणून जुन्या मोस्कातेलबरोबर काय ठेवावे असे कोणी विचारले तर मी बिबिंक सुचवीन. भाजक्या साखरेचा तो वास दोघींत आहे. दोदोलही चालेल. विंदाल्युबरोबर मात्र नको. मिरचीच्या आगीवर अठरा टक्क्यांचे मद्य म्हणजे तेल ओतल्यासारखे.

आमच्यासारख्या हिंदू घरांत ही बाटली येण्याचा संभव कमीच. आली तरी ती कपाटात पाहुण्यांसाठी राहील. पण वाचायला, समजून घ्यायला सोवळे आड येत नाही. गोव्यात पोर्तुगीज काळाबद्दल दोन गट पडतात. एकाला त्या काळाचे सगळे गोड लागते, दुसऱ्याला सगळे कडू. दोघेही एकमेकांशी भांडतात आणि दप्तर कोणीच उघडत नाही.

फोंसेकांच्या पेढीने अलीकडच्या काळात तो जुना प्रयोग पुन्हा करून पाहिला. पोर्तुगीज आरमाराच्या 'साग्रिश' या शिडाच्या प्रशिक्षण जहाजावर मोस्कातेलची पिंपे चढवली आणि समुद्रावर फिरवून आणली. हे जहाज १९३७ साली जर्मनीत बांधलेले, पोर्तुगालने ते ब्राझीलकडून घेतले १९६१ मध्ये. नेमके आपल्या मुक्तीच्या वर्षी. जगप्रदक्षिणेच्या वाटेवर हेच साग्रिश २०१० च्या नोव्हेंबरात मुरगाव बंदराला लागले. आल्बुकेर्कच्या विजयाला तेव्हा बरोबर पाचशे वर्षे होत होती. आपल्या स्वातंत्र्यसैनिकांनी त्या भेटीचा निषेध केला. शुभ्र शिडांवर तांबडा क्रूस घेतलेले ते जहाज पाहायला गर्दी करणारेही होतेच. निषेध करणारे म्हातारे झाले होते, त्यातले बरेच जण आज नाहीत. त्या वेळी काहींनी त्यांना हसून घेतले. पाचशे वर्षांपूर्वीचे काय घेऊन बसलात, असे विचारले. पण ज्या माणसाने स्वतः तुरुंग भोगला आहे त्याच्यासाठी ते पाचशे वर्षांपूर्वीचे नव्हते. ते त्याच्या तरुणपणीचे होते.

तेव्हा वाचकहो, लिस्बनला असलेल्या कोणा नातलगाने, आणि आज गोव्यातल्या बऱ्याच घरांचे कोणी ना कोणी तिकडे असतेच, येताना सेतुबालची बाटली आणली तर ती जरूर पाहा. लेबलवरची नावे वाचा. आझैतांव कुठे आहे, बाकाल्योआ कोणाचे घर, हे पोरांना सांगा. पिणारे असाल तर छोट्या पेल्यात ओता, आधी वास घ्या, धणे आठवतात का पाहा. सोबत बिबिंकेचा तुकडा असू द्या. आणि मोहन रानडे कोण होते हे पोरांना ठाऊक नसेल, तर तेही त्याच बैठकीत सांगून टाका.